केनवडची चौकट

अजून काही उघडू नका. हात माउसवरून काढा आणि केनवड डोळ्यांसमोर आणा. वाशिम जिल्हा, रिसोड तालुका, मालेगाव आणि मेहकरच्या मधला मुलूख. गाव पाहिलेलं नसलं तर वऱ्हाडातलं कुठलंही एक वावर चालेल: काळी जमीन, सोयाबीनच्या ओळींत तुरीचं तास, धुऱ्यावर एखादी बाभूळ. त्या वावरावर एक पाऊस पाडा. मृगाचा, संध्याकाळचा, वाऱ्यासकट आलेला. ढेकळं विरघळेपर्यंत थांबा.

या पावसाचं जमिनीत पुढं काय होतं ते शेतकऱ्याकडून ऐकावं. आपण पावसाच्या दुसऱ्या वाटेनं जाऊ. हा पाऊस आकडा कसा होतो, तो आकडा नकाशावरच्या चौकटीत कसा बसतो, आणि तशा हजारो आकड्यांची एकामागे एक ओळ लावली की आपण तिला ‘केनवडचा शंभर वर्षांचा पाऊस’ म्हणायला कसे मोकळे होतो, हे पाहू. ही वाट सॉफ्टवेअरमध्ये काही मिनिटांत उरकते. म्हणूनच ती एकदा तरी सावकाश चालावी.

पहिला मुक्काम सकाळी साडेआठचा. हवामान खात्याच्या पद्धतीत पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात. कुणीतरी पर्जन्यमापकाशी जातं, आतलं पाणी मोजपात्रात ओततं, पात्र डोळ्यांच्या पातळीला धरतं आणि दिसलेला आकडा वहीत लिहितं. हा आकडा सरलेल्या चोवीस तासांचा, पण त्यावर तारीख पडते आजची. म्हणजे नऊ जूनच्या संध्याकाळी केनवडवर कोसळलेला पाऊस वहीत दहा जूनला पडतो.

इथं जरा रेंगाळा. युरोपातून येणाऱ्या ‘ईआरए-५’सारख्या हवामान-मालिकेत दिवस जागतिक वेळेनुसार मोजतात. तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे तिच्यात तोच पाऊस नऊ तारखेलाच राहतो. दोन मालिका शेजारी ठेवल्या की एकीचा मोठा पाऊस दुसरीत एक दिवस मागं-पुढं दिसतो. मग कुणी म्हणतं, विदा, म्हणजे डेटा, खराब आहे. विदा चांगली असते, दिवसाची व्याख्या वेगळी असते. त्याच ईआरए-५मध्ये पाऊस मीटरमध्ये असतो आणि तापमान केल्विनमध्ये. हजाराने गुणायचं राहून गेलं तर केनवडचा पावसाळा थरच्या वाळवंटालाही लाजवील. ही चूक निदान डोळ्यांत भरते. तारखेची भरत नाही.

आता फाइल उघडा. पुण्याच्या शिवाजीनगरात भारतीय हवामानशास्त्र विभागाचं जे कार्यालय आहे, तिथून निघणारी दैनंदिन पावसाची चौकटबंद विदा घ्या. ती १९०१ पासूनची आहे. तिच्यासाठी देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. सगळी केंद्रं सगळ्या दिवशी नव्हती. काही नंतर उगवली, काही मध्येच बंद पडली. त्या विखुरलेल्या नोंदींवरून पाव अंशाच्या अंतरावर एक-एक बिंदू धरून तिथला पाऊस काढला. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, दक्षिणोत्तर १२९. काढण्याची रीत शेपर्ड यांची, १९६८ सालची: जवळच्या केंद्राचं वजन जास्त, लांबच्याचं कमी, फार लांबच्याचं नाही.

एक चौकट निवडा, केनवड जिच्यात येतं ती. २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा आणि ७७ अंश पूर्व रेखांशाची रेषा जिथं छेदतात तिथून गाव फार लांब नाही. या अक्षांशावर पाव अंश म्हणजे उभं सुमारे २८ किलोमीटर आणि आडवं सुमारे २६. सातशे चौरस किलोमीटरच्या वर झालं. वाशिम जिल्ह्यातली गावांची दाटी पाहता एवढ्या जागेत शंभराच्या आसपास गावं मावतात. या सगळ्यांना मिळून दिवसाला एक आकडा. समजा आज तो १४.३ आला. त्या आकड्याकडे बघत बसा आणि स्वतःला विचारा, हे १४.३ मिलिमीटर नेमके कुणाच्या वावरात पडले?

बहुतेक कुणाच्याच नाही. एका गावात चाळीस पडले असतील, दुसऱ्यात पाच, तिसरं कोरडं. तरी १४.३ खोटा म्हणता येत नाही. नदीला किती पाणी येईल, हंगाम एकूण कसा जाईल, हे विचारणाऱ्याला तो पुष्कळ सांगतो. अमुक गट नंबरच्या तुकड्यावर काल काय झालं, हे विचारणाऱ्याला काहीच सांगत नाही. आणि विदर्भात हा दुसरा प्रश्न पैशांचा असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसुली भाषेत ती अतिवृष्टी. तो ६५ चा आकडा महसूल मंडळातल्या केंद्रावर बघतात, आणि पंचनामे, मदत ही सगळी गाडी त्यावर हलते. आता मनातल्या मनात एका गावावर ९० मिलिमीटर पाडा, आजूबाजूच्या केंद्रांवर २०, १२ आणि शून्य. साधी सरासरी काढली तरी ३०.५ येते. चौकटीत अतिवृष्टी झालीच नाही. नव्वद मिलिमीटरने ज्याचं सोयाबीन आडवं झालं, त्याच्यापुढं हा साडेतीसचा आकडा ठेवून बघा. माझं मत विचाराल तर पाव अंशाच्या चौकटीवरून एका गावाचे अतिवृष्टीचे दिवस मोजू नयेत. करतात पुष्कळजण, आलेखही सुबक येतो.

तापमानाची गोष्ट आणखी ताणलेली आहे. हवामान खात्याची तापमानाची जुनी चौकटबंद विदा १९५१ पासून आहे आणि तिची चौकट पूर्ण एक अंशाची. एक अंश म्हणजे साडेअकरा हजार चौरस किलोमीटर. त्यात दोन वाशिम जिल्हे टाकून वर जागा उरेल. घाटावरचं बुलढाणा आणि पूर्णेच्या खोऱ्यात तापणारं अकोला इतक्या मोठ्या चौकटीत एकमेकांत मिसळू शकतात. केनवडचं मे महिन्यातलं कमाल तापमान म्हणून जे हाती येतं, त्यात किती केनवड आहे याचा विचार करून ठेवा. याच विदेत नोंद नसलेल्या जागी ९९.९ लिहिलेलं असतं. ते काढून टाकायचं विसरलं तर अंश सेल्सिअसमध्ये ९९.९! अकोल्याच्या मे महिन्यालाही तेवढं जमत नाही.

पावसाच्या विदेत नोंद नसल्याची खूण उणे ९९९. ती दिसते भारताच्या हद्दीबाहेर आणि समुद्रावर. रत्नागिरीची किंवा गोव्याची मालिका काढणाऱ्यानं सांभाळावं: तीन चौकटींत १०, १२, ८ आणि चौथी समुद्रातली, अशी सरासरी घेतली तर ती उणे २४२ येते. सॉफ्टवेअरला ‘नो डेटा’ म्हणजे उणे ९९९ असं आधी सांगून ठेवलं की हा प्रश्न मिटतो. केनवड मात्र जमिनीच्या पोटात आहे. तिथं उणे ९९९ कधी भेटायचं नाही, दर दिवशी काही ना काही आकडा आहेच. हे सोयीचं वाटतं. पण थोडं खणून बघा. एखाद्या सकाळी मोजणारा आजारी होता, किंवा केंद्रच बंद होतं, तरी चौकट रिकामी राहिली नाही. शेजारच्या केंद्रांकडून उसनवारी करून तिनं घर भरलं. त्या दिवशीचा शून्य हा कुणीतरी जाऊन पात्र कोरडं पाहिलेला शून्य आहे की शेजाऱ्यांवरून धरलेला, हे आकड्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. दोन शून्यं अगदी सारखी दिसतात. त्यांच्याकडे जितका वेळ बघता येईल तितका बघा.

आता हातानं करायचं काम. एका वर्षाची फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की एकच रास्टर, म्हणजे चौकटींचा नकाशा, दिसतं, पण त्याच्या पोटात ३६५ बँड असतात, दिवसाला एक. केनवडचा बिंदू द्या, ‘सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज’ हे साधन चालवा, आणि तक्त्यात ३६५ रकाने आडवे पसरतात. ते उभे करायचे, तारखा लावायच्या, पुढच्या वर्षाच्या फाइलकडे वळायचं. १९०१ ते २०२० धरलं तर १२० फाइली आणि ४३,८३० दिवस. त्यांतली तीस वर्षं लीप. साठावा बँड एरवी १ मार्चचा, लीप वर्षी २९ फेब्रुवारीचा. तिथं एक दिवस घसरला की वर्षभर घसरलेलाच राहतो. मृगाची म्हणून धरली जाणारी सात जून एरवी १५८व्या बँडवर येते, लीप वर्षी १५९व्या.

हे सगळं चार ओळींच्या कोडनं होतं, हे मला माहीत आहे. तरी एक वर्ष हातानं करा. १९७२ घ्या. महाराष्ट्राच्या आठवणीतला दुष्काळ. जून उघडा, जुलै उघडा, बँड एक-एक करून पुढं सरकवा आणि नकाशावर रंग चढतो-उतरतो ते पाहा. कुठं ढग नुसते येऊन गेले असतील, कुठं आठवडा फिक्याच रंगाचा गेला असेल. वर्षाची बेरीज म्हणून जो एक आकडा तुम्ही नंतर आलेखावर टाकाल, त्याच्या आत हे सगळे दिवस आहेत.

पण नकाशा आधी बरोबर जागेवर बसलाय ना? हा प्रश्न फार थोडे विचारतात. विदेतले अक्षांश-रेखांश चौकटीच्या मध्याचे असतात. जुन्या बायनरी स्वरूपातली फाइल स्वतः जोडायला गेलं आणि ६६.५ हा आकडा मध्याऐवजी चौकटीची कड धरला, तर सगळा देश अर्ध्या चौकटीनं सरकतो. पाव अंशाचं अर्ध म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर. केनवडच्या नावावर शेजारच्या मुलखाचा पाऊस चढतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण आलेख तितकाच पटण्यासारखा दिसतो. शिवाय त्या फाइलीत पहिली ओळ दक्षिणेची, ६.५ अंशांची असते, तर नकाशाची सॉफ्टवेअरं वरून, म्हणजे उत्तरेकडून वाचतात. देश उलटा होतो. यावर माझा एक साधा तोडगा: जुलैच्या महिन्याची बेरीज रंगवून बघायची. सह्याद्रीची कोकण बाजू गडद आणि घाट उतरून पूर्वेला गेलं की लगेच फिकी पट्टी दिसली, तर नकाशा बऱ्यापैकी जागेवर आहे. अर्ध्या चौकटीची घसरण मात्र या रंगांतही लपते. त्यासाठी कडांचे आकडेच वाचावे लागतात.

आता गावावरून जिल्ह्यावर या. ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ चालवून वाशिम जिल्ह्याच्या हद्दीतल्या चौकटींची सरासरी काढायची. चौकटीचा मध्य हद्दीच्या आत आला तर ती धरली जाते, बाहेर राहिला तर सोडली जाते. आकार फारच छोटा असेल तर क्यूजीआयएस छेदाच्या प्रमाणात वजन लावतं. जिल्हा पाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे मोजून सात-आठ चौकटी. कडेच्या एका चौकटीनं इकडं-तिकडं केलं तरी आकडा हलतो. पण त्याहून मोठी गंमत हद्दीचीच आहे. वऱ्हाडात इंग्रजी अमलात बासीम नावाचा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि त्याचा वाशिमकडचा भाग अकोल्यात गेला. १ जुलै १९९८ ला अकोल्यातूनच आजचा वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा निघाला. आपली मालिका १९०१ची. म्हणजे तिच्या पहिल्या काही वर्षांत हा जिल्हा एका हद्दीत होता, मग नव्वदेक वर्षं नव्हताच, आणि नंतर दुसऱ्या हद्दीत परतला. आपण आजची हद्द उचलून त्या सगळ्या काळावर ठेवतो आणि ‘वाशिम जिल्ह्याचा १२० वर्षांचा पाऊस’ असं शीर्षक देतो. पावसाचं यात काही बिघडत नाही. पण १९३० सालचा कागदोपत्री जिल्ह्याचा आकडा अकोल्याचा असणार, तो या मालिकेशी जुळवायला जाऊ नये.

चौकटी येण्याआधीही मालिका होत्या. पुण्यात पाषाणला जी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथं बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०६ निवडक केंद्रांवरून १८७१ पासूनची मासिक पावसाची मालिका बांधली, जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचं वजन देत. विदर्भ हा त्यातला एक विभाग. केंद्रं थोडी, पण शेवटपर्यंत तीच ठेवायची, हा त्या कामाचा हट्ट होता. चौकटबंद विदेत तो नाही. तिथं मिळतील तेवढी केंद्रं घेतली आहेत. कुठली बरी? मला दीर्घ काळाच्या कलासाठी पहिलीवर जास्त भरवसा वाटतो. केंद्रांची संख्या बदलली की मोठ्या सरी सापडण्याची शक्यताही बदलते, आणि आभाळ तसंच असताना आलेख चढू-उतरू शकतो.

खंडाकडे या. पाऊस न पडलेले सलग दिवस. शेतकऱ्याला एकूण पावसापेक्षा हा हिशेब जास्त छळतो. दुबार पेरणी यातूनच येते. चौकटीतून खंड काढताना उलटा घोळ होतो. अतिवृष्टी सरासरीत दबते, तसा कोरडा दिवस सरासरीत भिजतो. शंभर गावांपैकी दोन-तीनांवर शिंतोडे आले की चौकटीत ०.४ मिलिमीटर उमटतात, आणि बाकीच्या गावांचा वीस दिवसांचा खंड मध्येच तुटतो. म्हणून शून्याऐवजी २.५ मिलिमीटर ही खात्याची पावसाच्या दिवसाची मर्यादा लावावी. तशी लावून २०२३ चा ऑगस्ट उघडा. देशभरात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पीक विम्यात एकवीस दिवसांच्या खंडाची भाषा त्या हंगामात गावागावांत चालली होती. ०.४ चा एक थेंब मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, यावर एकवीसचे बारा होतात.

आणि बेरीज महिन्याचीच कशाला? इथले लोक पाऊस जून-जुलैत मोजत नाहीत, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असा मोजतात. प्रत्येकी तेरा-चौदा दिवस. रोजची मालिका हातात आहे, तर नक्षत्रवार बेरीज करायला काय हरकत आहे? पेरणीचा निर्णय मृग-आर्द्रेत होतो, तो एका जूनच्या आकड्यात चिरडून जातो. यात एक बारकावा आहे. नक्षत्रांच्या तारखा इंग्रजी तारखांपुढं साधारण सत्तर वर्षांत एक दिवस सरकतात. १९०१ पासून आजवर पावणेदोन दिवस. थोडंच आहे, पण मृगाच्या तेरा दिवसांत पावणेदोन दिवस दुर्लक्ष करण्याइतके कमी नाहीत. ते सुधारून घ्या, मग बाकीच्या नक्षत्रांवर या.

आता ओळ पूर्ण झाली. आलेख समोर आहे. त्यातून एक सरळ रेघ ओढण्याचा मोह होईल. रेघ ओढण्याआधी तिचं पहिलं टोक कुठं टेकवताय ते पाहा. १९७२ पासून सुरुवात केली तर दुष्काळातून वर येणारी रेघ वाढीकडे झुकेल. १९०१ घेतलं तर मालिका विक्रम संवतातल्या छप्पनच्या दुष्काळानंतर लगेच सुरू होते. १८९९-१९०० मध्ये वऱ्हाड होरपळलं, ते वर्ष या विदेच्या उंबरठ्याबाहेर राहिलं. सुरुवातीचं साल एक-एक वर्षानं पुढं सरकवत रेघ पुन्हा पुन्हा ओढा. ती किती हेलकावे खाते ते बघत राहा. फार खात असेल तर ती छापू नका.

एक काम उरतं. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यात महसूल मंडळवार दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसली. तुमच्या मंडळाचे रोजचे आकडे मिळवा आणि चौकटीच्या आकड्यांसोबत एकाच आलेखावर ठेवा. काही आठवडे दोन्ही रेघा हातात हात घालून चालतील, काही दिवशी फाटतील. हे फाटलेले दिवस वेगळे काढा. बहुतेक जूनच्या सुरुवातीचे आणि परतीच्या पावसाचे असतील, कारण तेव्हा एका शिवारात कोसळतं आणि दुसऱ्यात धूळ उडते. ती यादी घेऊन गावात जा आणि त्या-त्या दिवशी कुठं किती पडलं ते विचारा. विचारताना मात्र वहीतली तारीख सांगू नका, आदल्या दिवसाची सांगा.